पाहुणा गळा, घरचं रेकॉर्डिंग

सिल्वासाहून नरोलीच्या रस्त्याला लागलं की दमणगंगेलगत अथाल येतं. कारखान्यांचे ट्रक, आजूबाजूला वारली, कोकणा, धोडिया वस्त्या आणि लग्नसराईतली गाणी, सगळं शेजारी शेजारी. अशा गावात लॅपटॉप, एक माइक आणि तो जोडायला इंटरफेस एवढ्यावर गावगाणं नीट रेकॉर्ड करता येतं. मात्र गायिका बाहेरून बोलावली असेल, तर कामाचा क्रम तिच्या गळ्यापासून लावायचा. ढोल पुन्हा वाजवता येतो, मिक्स कितीही वेळा मोडता येतो; पाहुणी एका दुपारपुरतीच येते.

पहिलं काम पट्टी ठरवण्याचं. ते फोनवरही उरकतं. गायिकेला मुखडा आणि सगळ्यात उंच जाणारी ओळ म्हणायला सांगा आणि हार्मोनियमवर पट्टी शोधा. काळी चार की पांढरी पाच, हे आधीच कळायला हवं; कारण गाण्यात तारपा असेल तर सगळं तिथेच अडतं. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला बसवलेल्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, असं हे वाद्य. त्याचा सूर ठरतो नळीवर आणि आतल्या पत्तीवर. तो हार्मोनियमशी तंतोतंत जुळेलच असं नाही, आणि खुंटी पिळून बदलायची सोय त्यात नाही. मग तीन वाटा उरतात. वादकाकडे लहानमोठे तारपे असतील तर जवळचा निवडायचा. किंवा तारप्याचा अखंड सूर षड्जाऐवजी पंचम धरून गायचं. किंवा सॉफ्टवेअरने अर्धा सूर वरखाली सरकवायचा. त्याहून जास्त सरकवला की वाद्य नकली वाटू लागतं.

पट्टी ठरली की पाया रेकॉर्ड करा. घरातल्याच कुणाचा तरी कच्चा आवाज ढोलाबरोबर घ्या. हा गाइड ट्रॅक. गावगाण्याची लय ओळीच्या शेवटी जराशी रेंगाळते, त्यामुळे मेट्रोनोमची टिकटिक लादली तर गाणं ताठरतं. ढोल आणि गाइड एकत्र वाजू द्या, बाकी सगळे त्याच्यावर बसतील. तारपा त्यानंतर. वादक नाकाने श्वास घेत गालातल्या हवेवर सूर चालू ठेवतो, त्यामुळे कापायला शांत जागा मिळत नाही. तुकडे जोडायचेच असतील तर फेरा जिथे पुन्हा सुरू होतो तिथे जोडा, आणि सांधा १०–२० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने मिटवा. माइक कर्ण्याच्या तोंडात खुपसू नका. बोटांच्या भोकांतूनही आवाज येतो, म्हणून मीटरभर लांब आणि थोडा बाजूला ठेवा.

माइकचं अंतर ही जुनीच विद्या आहे. संगीतकार सुधीर फडके यांचंच उदाहरण घ्या. ते १९५४ मध्ये याच भागाच्या, म्हणजे दादरा-नगर हवेलीच्या, मुक्तिसंग्रामात होते, आणि त्या लढ्याच्या निधीसाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. पुढच्या वर्षी १ एप्रिलपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर फडक्यांनी संगीत दिलेलं गीतरामायण सुरू झालं: ५६ गाणी, दर आठवड्याला नवीन, गाणारे गळे बदलते. तेव्हा प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक ठेवून नंतर तोल साधायची सोय नव्हती. कोण माइकच्या जवळ आणि कोण लांब, यावरच तो ठरायचा. आज नंतर दुरुस्त करता येतं, म्हणून आधीची बैठक ढिली ठेवायची असं नाही.

खोलीसाठी खर्च नको. गायिकेच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगा, उघड्या भिंतीसमोर तिला उभं करू नका. पंखा आणि फ्रिज बंद. रस्त्यावर ट्रक असतील तर रात्र बरी; पावसाळ्यात मात्र पत्र्याची खोली नकोच. कंडेन्सर माइक असेल तर इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं. तोंडापासून वीतभर अंतर आणि मध्ये पॉप फिल्टर. सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ निवडा, आणि सगळ्यात मोठा सूर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एका माइकचा ट्रॅक अशा दर्जाला मिनिटाला साडेआठ-नऊ एमबी घेतो, तेव्हा जागेची चिंता नको.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला तर कसलेली गायिकाही बिचकते. बफर १२८ सॅम्पलवर ठेवला तर त्याचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. ५१२ वर तो अकराच्या आसपास जातो. तिच्या कानात थोडा रिव्हर्ब द्या, हवं असेल तर एक कान मोकळा ठेवू द्या. शब्द मोठ्या अक्षरात लिहून स्टँडला लावा, म्हणजे कागद फडफडणार नाही. "आवाज बघतोय" म्हणत घेतलेली चाचणीही रेकॉर्ड करा. पुष्कळदा तीच सर्वात मोकळी निघते. सलग तीन टेक झाले की अडलेल्या ओळी तेवढ्या पुन्हा घ्या. निघण्याआधी दहा सेकंद खोलीची शांतता टिपून ठेवा. गोंगाट काढताना सॉफ्टवेअरला ती नमुना म्हणून लागते.

मिक्सिंगची सुरुवात निवडीने होते. तिन्ही टेकमधून ओळीओळीने उत्तम ते घेऊन एक आवाज जोडा, पण श्वास पुसू नका. मग ८०–१०० हर्ट्झच्या खालची घरघर कापा. कॉम्प्रेसर ३:१ वर ठेवून मोठे सूर तीन-चार डेसिबल दाबले जातील एवढंच करा. खरी झटापट तारप्याशी होते, कारण त्याचा आणि आवाजाचा पट्टा बराचसा एकच. तारपा दोन-तीन किलोहर्ट्झपाशी थोडा खाली घ्या, जरा एका बाजूला सरकवा, आणि कडवं चालू असताना हलका करा. ओळी संपल्या की पुन्हा पुढे आणा. शेवटी सगळं फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे ढोलाचा घुमारा गायब होतो, म्हणून काठीचा टणत्कार वर यायला हवा. ऑनलाइन टाकायचं तर उणे १४ एलयूएफएसच्या आसपासची आवाजाची पातळी पुरते. त्यापुढे ताणलं तर बरीच माध्यमं स्वतःच आवाज उतरवतात.

एक काम लॅपटॉपबाहेरचं आहे. वारली लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते ती गाणी विधीचा भाग असतात, तेव्हा ती उचलण्याआधी तिला आणि पाड्यातल्या जाणत्यांना विचारा. पाहुण्या गायिकेशी मोबदला आणि वापर कागदावर ठरवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ कलाकाराला तिच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क देतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही कायद्यात आहे. तयार गाणं आधी तिला ऐकवा. एखाद्या शब्दाचा उच्चार किंवा एखादी हरकत तिला खटकली, तर ती दुरुस्त करायची वेळ गाणं बाहेर जाण्याआधीचीच.