फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटाला परीक्षा सक्तीची, गुंठा विकणाऱ्या दलालाला मात्र काहीच नाही! कोन परिसरातल्या खरेदीदारांनी आणि शेतकऱ्यांनी काय बघावे?

कोन (ता. भिवंडी) : रांजनोली नाक्यावरून कल्याणकडे जाताना दुर्गाडी पुलाच्या अलीकडे कोन गाव लागते. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी, झेरॉक्सचे दुकान आणि त्याला लागूनच 'रूम, फ्लॅट, प्लॉट, गोडाऊन विकत व भाड्याने मिळेल' अशी पाटी. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या मार्गावर कोनगाव स्थानक आहे. त्यामुळे इकडच्या जागेला विचारणा वाढली, आणि विचारणा वाढली की मध्यस्थही वाढतात. कुणाचे किराणा दुकान, कुणाची रिक्षा, कुणी नुसताच गावातला ओळखीचा माणूस. दोन पार्ट्या समोरासमोर बसवल्या, दोन्हीकडून एक-दोन टक्के घेतले, काम झाले.

यातल्या कोणत्या कामाला सरकारी नोंदणी लागते? त्यासाठी काही शिकावे लागते का? 'लागत असेल, पण विचारतो कोण' असाच बहुतेकांचा समज. पण एजंट जे दाखवतोय ते नवीन इमारतीतला फ्लॅट आहे, चाळीतली रूम आहे की शेताचा तुकडा, यावर सगळे कायदेच बदलतात.

आधी नवीन इमारतीचे बघू. केंद्राचा रेरा कायदा २०१६ चा. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला आणि महाराष्ट्रात त्यासाठी महारेरा हे प्राधिकरण काम करते. या कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट, दुकान किंवा प्लॉट विकायला मध्यस्थी करणाऱ्या प्रत्येकाला एजंट म्हणून महारेराकडे नोंदणी करावीच लागते. नोंदणीशिवाय धंदा केला तर दिवसाला १० हजार रुपये दंड, आणि तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ४० लाखांच्या फ्लॅटवर ५ टक्के म्हणजे २ लाख. जी दलाली मिळणार, तिच्यापेक्षा दंडच मोठा.

मात्र सुरुवातीच्या वर्षांत ही नोंदणी म्हणजे कागद आणि फी एवढेच होते. पॅन कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो दिला, एकट्या माणसाला १० हजार आणि कंपनी किंवा भागीदारी फर्मला १ लाख रुपये फी भरली, की पाच वर्षांसाठी नंबर हातात. कार्पेट एरिया म्हणजे काय, साठेखतात काय असते, बांधकाम परवानगीचा कागद कसा ओळखायचा, हे त्याला येते की नाही, हे कुणी तपासत नव्हते. घेणारा माणूस आयुष्याची कमाई लावतो आणि त्याला माहिती देणारा ऐकीव गोष्टी सांगतो, अशी अवस्था.

१० जानेवारी २०२३ ला महारेराने आदेश काढून हे बदलले. आता एजंटाला २० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्यानंतर ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते आणि पास झाल्यावर सक्षमता प्रमाणपत्र मिळते. ते असेल तरच नवीन नोंदणी किंवा नूतनीकरण. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. जुन्या एजंटांना आधी १ सप्टेंबर २०२३ ची मुदत होती, ती पुढे १ जानेवारी २०२४ पर्यंत वाढवली. तरीही बरेच जण गाफील राहिले. २०२४ मध्ये महारेराने सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित केली, कारण त्यांच्याकडे हे प्रमाणपत्रच नव्हते. त्याआधी नूतनीकरण न केल्यामुळे १३ हजारांहून जास्त नोंदण्या रद्द झाल्या होत्या. सुरुवातीपासून नोंदलेले एजंट होते सुमारे ४७ हजार. म्हणजे पाटीवर नंबर लिहिलेला दिसला तरी तो आज चालू असेलच असे नाही.

२० तास पुरेत का? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात विक्री एजंटाच्या लायसनसाठी तीन विषयांचे मिळून १३५ तासांचे शिक्षण लागते, वर राज्याची परीक्षा वेगळी. उलट इंग्लंडमध्ये इस्टेट एजंटाला लायसन किंवा शिक्षणाची अटच नाही, पण तक्रार निवारण योजनेचे सदस्य व्हावे लागते. आपले २० तास या दोघांच्या मधे कुठेतरी बसतात. काहीच नव्हते त्यापेक्षा बरे, पण २० तासांत कुणी जमिनीच्या कागदांचा जाणकार होत नाही, हेही तितकेच खरे.

नंबर कसा तपासायचा?

एजंटाचा महारेरा नंबर इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. हे दोन वेगळे आहेत आणि इथेच गफलत होते. एजंट बिल्डरच्या प्रकल्पाचा नंबर दाखवतो आणि म्हणतो, 'हे बघा, रेरा आहे.' तो प्रकल्पाचा झाला, त्याचा स्वतःचा कुठे आहे? महारेराच्या संकेतस्थळावर एजंटाचे नाव किंवा नंबर टाकला की नोंदणी आणि तिची मुदत मोबाईलवरच दिसते. प्रकल्पाच्या पानावर बिल्डरने नेमलेल्या एजंटांची यादीही असते. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत फोटोवर तो कोड नसेल तर तिथेच थांबून विचारावे.

एजंटावर आणखीही बंधने आहेत. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला फ्लॅट त्याने विकायचा नाही. नसलेली परवानगी आहे म्हणून सांगायचे नाही. बुकिंगच्या वेळी जे कागद बघायचा ग्राहकाला हक्क आहे, ते मिळवून द्यायचे. पैशांच्या बाबतीत एक नियम तर तोंडपाठच असावा. किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय घेता येत नाही. 'आत्ता अर्धे भरा, ॲग्रीमेंट नंतर करू' असे एजंट म्हणाला, तर तो परीक्षेत शिकलेलेच विसरलाय.

नंबर आहे म्हणजे सगळे बरोबर, असेही धरू नये. त्याचे उदाहरण खाडीच्या पलीकडेच आहे. कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीत ६५ इमारतींसाठी बनावट बांधकाम परवानग्या तयार केल्या गेल्या आणि त्याच कागदांवर महारेराची नोंदणीही मिळवली गेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये या इमारती पाडण्याचा आदेश आला. ज्यांनी घरे घेतली होती त्यांच्यापुढे बेघर होण्याची वेळ उभी राहिली. त्यांनी 'पी' नंबर बघितलाच होता. बघायचे राहिले ते एवढेच, की परवानगीचा कागद ज्या कार्यालयाच्या नावाचा आहे, त्या कार्यालयात तो खरोखर आहे का.

कोनच्या बाबतीत हे कार्यालय कोणते, इथेही घोळ असतो. भिवंडीभोवतालच्या ६० गावांसाठी एमएमआरडीए हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे आणि कोनचा समावेश त्यातच होतो. त्यामुळे बांधकाम परवानगी तिकडून लागते. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. लाईटबिलही नव्हे. 'घरपट्टी नावावर करून देतो' या वाक्यावर कितीतरी रूम विकल्या जातात, पण घरपट्टी हा कर आहे. तो भरला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही.

जिथे परीक्षाच नाही

आता गावातला खरा धंदा. चाळीतली रूम, बापजाद्यांची शेतजमीन, गोडाऊनसाठी द्यायची जागा, भाड्याची खोली. यातले बहुतेक व्यवहार रेराच्या बाहेर पडतात. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत, म्हणजे साधारण ५ गुंठ्यांच्या आत असेल, किंवा घरे आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. शेतजमीन शेतजमीन म्हणूनच विकली तर ती प्रकल्पच नाही. मग एजंटालाही ना नोंदणी, ना प्रशिक्षण, ना परीक्षा.

आणि नेमके याच व्यवहारांत ज्ञान जास्त लागते. फ्लॅटच्या कागदांचा एक ठरलेला साचा असतो. जमिनीचा प्रत्येक सातबारा वेगळा. १९४८ च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कूळ म्हणून मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर बंधने असतात. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलेले असेल तर विक्रीला शासनाची परवानगी आधी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासी माणसाला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, आणि तीही सरकारच्या पूर्वसंमतीने. भिवंडी तालुक्यात वारली, कातकरी समाजाच्या जमिनी आहेत, त्यामुळे हा मुद्दा कागदापुरता नाही. वर १९४७ चा तुकडेबंदी कायदा. त्यात सवलत देण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला, पण ती सवलत आपल्या गटाला लागू होते का, हे दलालाच्या तोंडून न ऐकता तलाठी किंवा तहसील कार्यालयातून ऐकावे.

हे सगळे माहीत नसलेला माणूसही आज जमिनीचा सौदा जुळवू शकतो. त्याला कुणी अडवत नाही. फ्लॅट विकणाऱ्याला २० तास बसवायचे आणि अडीच एकराचा सौदा करणाऱ्याला काहीच विचारायचे नाही, हे उलटेच झाले.

गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट पाडून 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून विकणारे मात्र वेगळे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी, प्लॉटही आठपेक्षा जास्त आणि रस्ते आखून विक्री चालली असेल, तर तो रेराचा प्रकल्प होतो आणि 'पी' नंबर लागतो. नंबर न घेता विकले तर विकणाऱ्याला प्रकल्पाच्या अंदाजे खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड आहे. 'शेतजमीन आहे, रेरा लागत नाही' हे उत्तर इथे चालत नाही.

फसतो तो फक्त घेणाराच असे नाही. शेतकरीही फसतो. पद्धत साधी असते. मध्यस्थ थोडी रक्कम देऊन विसार पावती करतो, मुदत लांब ठेवतो आणि सोबत कुलमुखत्यारपत्रावर सही घेतो. मग तीच जमीन वाढीव भावाने तिसऱ्याला दाखवतो. वरचा फरक त्याचा. शेतकऱ्याला खरा घेणारा कोण, हे खरेदीखताच्या दिवशी कळते. कधी मुदत संपते, सौदा होत नाही आणि पावती मात्र अडकून राहते, दुसऱ्याला विकताही येत नाही. म्हणून विसार पावतीवर मुदत, पूर्ण रक्कम आणि मुदतीत पैसे न आल्यास काय, हे तिन्ही लिहिलेले हवे. कुलमुखत्यारपत्र तर वकिलाला दाखवल्याशिवाय कुणालाच देऊ नये, मग तो भाऊबंदातला का असेना.

रूम घेणाऱ्यांनी नोटरीचे ध्यानात ठेवावे. १०० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणी केल्याशिवाय पूर्ण होत नाही, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून चालत आले आहे. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून लाखो रुपये देणारे आजही आहेत. नोटरीने सही कुणाची ते कळते, मालकी येत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंद झाली का, हे सूची क्रमांक २ वर दिसते. जमिनीसाठी सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार काढावेत. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. निदान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा.

गावातल्या ज्या तरुणांना हे काम नीट करायचे आहे, त्यांना अजूनही संधी आहे. महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेत नाव नोंदवायचे, २० तास पूर्ण करायचे, परीक्षा पास व्हायची, मग नोंदणीचा अर्ज. प्रकल्पाच्या विक्रीला बिल्डरला आता प्रमाणपत्र असलेलाच एजंट ठेवावा लागतो. त्यामुळे नुसते फ्लॅट दाखवून पोट भरणाऱ्याला हे टाळता येणार नाही. दलाली किती घ्यायची याचा दर मात्र कायद्याने ठरवलेला नाही. म्हणून टक्केवारी, ती कोण देणार आणि सौदा मोडला तर काय, हे आधी लिहून घेतलेले दोघांच्याही हिताचे.

नोंदणीकृत प्रकल्पात फसवणूक झाली तर एजंटाविरुद्धही महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी ५ हजार रुपये. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती आणि एजंटाचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवावेत, तिथे तेच कामाला येतात. चाळीतली रूम किंवा शेतजमिनीचा सौदा असेल तर हा दरवाजा बंद. मग पोलीस ठाणे नाहीतर भिवंडीचे दिवाणी न्यायालय, आणि तिथे तारखा किती वर्षे चालतात हे जमिनीचा दावा लढलेल्या कुठल्याही घरात विचारावे.