संशोधकाची वृत्ती आणि विणकराचा दिवस

विद्यानगर हा हैदराबादचा उस्मानिया विद्यापीठानजीकचा भाग. तेथील संशोधकास टिकाऊ वस्त्रांचा संस्कृतीवरील परिणाम अभ्यासावयाचा असल्यास तेलंगणातीलच पुट्टपाका गावचा तेलिया रुमाल पाहावा. त्याचे सूत तेल आणि एरंडाच्या बोंडांची राख यांत मुरविलेले असते. कोळी, गुराखी तो डोक्यास बांधीत. आज तीच वीण साड्यांवर दिसते. श्रमिकाचे वस्त्र उंची लेणे कसे झाले, हा पीएच.डी.चाच विषय होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. तीमुळे संशोधकाचा चरितार्थ चालतो; परंतु माग थांबवून माहिती सांगणाऱ्या विणकराचा बुडालेला दिवस कोण भरून देणार? ती मजुरीही संशोधनाच्या खर्चात धरावयास हवी; कारण विद्या त्याचीच आहे.