साम्यानुमानाचा मुलुख

दहावीचा निकाल लागून तालुक्याच्या गावी अकरावीच्या प्रवेशाची धांदल उडाली, की विज्ञान शाखेकडे धावणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर कला शाखेच्या अर्जातील ऐच्छिक विषयांचा रकाना भरताना ज्यांच्यापाशी लेखणी हमखास अडखळते, असे दोन विषय आहेत : तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान. पहिल्यात ‘मार्क बरे पडतात’ अशी त्याची ख्याती. दुसऱ्याचे ‘पुढे करायचे काय’, हा पालकांचा सवाल. पुष्कळ ठिकाणी तर शिकवणाराच नसल्यामुळे तो सवाल विचारण्याचीही वेळ येत नाही. अध्यापक म्हणून नव्हे, केवळ एक हौशी वाचक म्हणून या विषयांच्या मागे वर्षानुवर्षे हिंडल्यावर माझे असे मत झाले आहे, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला विचारशास्त्राची गोडी लावण्यास आमच्या भोकरदनइतका सोयीचा मुलुख महाराष्ट्रात विरळा.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. फ्रान्समध्ये शालान्त वर्षातील विद्यार्थी चार तास बसून तत्त्वज्ञानाचा निबंध लिहितात, आणि ही परंपरा नेपोलियनच्या अमदानीपर्यंत मागे जाते. आपल्याकडे निजामी अमलात, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात हा विषय उर्दूतून शिकवला जाई. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे खानदेशात, अमळनेरास, १९१६ साली प्रताप शेटजींच्या औदार्याने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, जेथे पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे चिंतक आले आणि जेथील वास्तव्यानंतर साने गुरुजी त्याच गावच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. १९७४ साली दे. द. वाडेकरांनी संपादिलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश तीन खंडांत निघाला. अकरावी-बारावीची अलीकडची पाठ्यपुस्तके २०१९ व २०२० सालची. इतके पुरे.

तर्कशास्त्राच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांचा सर्वाधिक जीव जडतो तो सत्यता-कोष्टकांवर, कारण तेथे उत्तर एकच असते आणि ते चोख असते. विगामी अनुमानाच्या प्रकरणात मात्र साम्यानुमान नावाचा एक गरीब विषय आहे, ज्याला परीक्षेपुरती एखादी टीप देऊन वाटेला लावतात. दोन वस्तूंत काही गुण समान आहेत, म्हणून आणखी एखादा गुणही समान असावा, असे हे अनुमान. निष्कर्ष कधी निश्चित नाही, फार तर संभाव्य. माझ्या मते मनुष्य आयुष्यभर ज्यावर चालतो ते हेच अनुमान. तहसील कचेरीच्या आवारात अर्जनवीसापुढे उकिडवा बसलेला शेतकरी, ‘भावकीतल्या अमक्याच्या जमिनीचा फेरफार असाच मंजूर झाला, मग माझाच का नामंजूर?’ असे विचारतो तेव्हा तो याच शास्त्राचा आधार घेत असतो, आणि ‘त्याची बाब वेगळी होती’ असे म्हणणारा कारकूनही त्याच शास्त्राने उत्तर देत असतो.

आता केळना नदीच्या काठी, भोकरदनला चला. हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावची माणसे एवढ्या दूर जाऊन धर्मकार्याला हातभार लावण्याइतकी सधन होती. (हेही अनुमानच, पैसा येथला होता की परगावी कमावलेला, हे दगड सांगत नाही.) १९७३ साली येथल्या पांढरीत शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केले, आणि तीत एक भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. आता तिकडे इटलीत, इ. स. ७९ साली व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरीत, १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती पुतळी निघाली होती, जी ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून जगभर गाजली. या दोघींचे, आणि तेरच्या लामतुरे संग्रहातील मूर्तीचे, घडणीतले साम्य विद्वानांच्या ध्यानी आले आणि प्रश्न उभा राहिला : पाँपेईची पुतळी आपल्या दक्षिणेतूनच तर गेली नसेल?

मुलांना शिकवण्यास याहून उत्तम धडा मला माहीत नाही. साम्ये किती, हे महत्त्वाचे. पण ती निष्कर्षाशी संबद्ध आहेत की नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे, कारण दागिन्यांची धाटणी एक असणे आणि कारागिराचे गाव एक असणे यांत अंतर आहे. मग वैधर्म्य मोजा : पाँपेईच्या पुतळीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे, आणि ती लिपी वायव्येची, गांधाराकडची. मग मूर्ती तिकडे घडली, की येथे घडून तिकडून गेली? निष्कर्ष जितका आटोपशीर तितका बळकट : ‘दोन्ही मूर्ती एका कलापरंपरेतल्या’ हे विधान टिकेल, ‘दोन्ही भोकरदनच्याच’ हे टिकेलच असे नाही. आमच्या गावच्या अभिमान्यांना हे रुचत नाही. मलाही तरुणपणी रुचत नसे.

याच तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, जयदेववाडीला जाळीचा देव हे महानुभावांचे तीर्थ आहे. मी तेथे गेलो तो यात्रेकरू म्हणून कमी, दृष्टांतपाठाचा वाचक म्हणून अधिक. श्रीचक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले ११४ दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकात संकलित केले, त्यांची रचना मला न्यायदर्शनाच्या प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन या पंचावयवांइतकीच कसलेली वाटते : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा सूत्राशी घातलेला मेळ. आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीची गोष्ट त्यांत आहे. बारावीत शिकणारा एक चुणचुणीत मुलगा माझ्याबरोबर होता, त्याने तेथल्या एका वृद्ध महंतांना विचारले, “बाबा, ते सगळे आंधळे होते हे सांगणाऱ्याला तरी पूर्ण हत्ती दिसला होता, हे कशावरून?” वर्गात हाच प्रश्न ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून बाजूस सारला गेला होता.

महंत रागावले नाहीत. दृष्टांत एकदेशीच असतो, म्हणाले. सर्व अंगांनी जुळला तर तो दृष्टांत न राहता ती वस्तूच होईल. मुलगा मागे हटेना : मग कोणते अंग जुळते आणि कोणते सोडायचे, हे ठरवायचे कोणी? त्यासाठीच केसोबासांनी दार्ष्टांतिक वेगळे लिहून ठेवले आहे, असे उत्तर मिळाले. दार्ष्टांतिक चुकले असेल तर काय, हा त्याचा पुढचा प्रश्न. आणि त्यावर दोघांचा जो वाद जुंपला तो शेवटची एसटी निघून गेली तरी मिटला नव्हता.