एका वितीचा हिशेब

आचोळ्याच्या आमच्या चाळीतील खोलीत भिंतीवर बाबांनी खिळ्याने दोन रेघा ओढून ठेविल्या आहेत. खालची जुलै २००५ च्या पुराची, वरची जुलै २०१८ ची. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. परवा मी त्यांना वाचून दाखविले की, १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. बाबांनी वीत पसरली आणि म्हणाले, "शंभर वर्षांत एवढीच? मग एवढी ओरड कशाला?"

प्रश्न रास्त होता. मित्रहो, त्याचे उत्तर शोधताना जे समजले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट वेगाची. १९७१ पर्यंत ही वाढ वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर होती. २००६ ते २०१८ मध्ये ती ३.७ झाली. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ मध्ये सुमारे ४२४. त्याने उष्णता कोंडली जाते, समुद्राचे पाणी तापून प्रसरण पावते आणि जमिनीवरचे बर्फ वितळते.

दुसरी गोष्ट उताराची. आमच्याकडचे पाणी नाल्यांतून खाडीला मिळते. भरतीला खाडी फुगली की नाल्याचे पाणी तुंबते. खाडी कायमची वीतभर उंचावली, तर ते अधिक वेळ तुंबणार. मालदीव आणि बांगलादेशच्या सखल किनाऱ्यांनाही हीच वीत भेडसावते आहे.

तिसरी गोष्ट पावसाची. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यांना लागणारे बाष्प बव्हंशी अरबी समुद्रातून येते.

तरीही २०१८ चा सारा दोष हवामानाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तेव्हा वसईच्या मिठागरांत कामगार अडकले, नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढले. पण सखल जमिनीवर भराव टाकून इमारती माणसांनीच उभारल्या. शिवाय एका पुरावरून हवामान ठरत नाही. त्याला निदान तीस वर्षांच्या नोंदी लागतात. मुंबईत अपोलो बंदरावर भरती-ओहोटी १८७८ पासून मोजली जाते, म्हणून तर आपण एवढे बोलू शकतो.

हे सारे ऐकून बाबा बराच वेळ वरच्या रेघेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "उंबरठ्यावर विटांचा एक थर चढवू." एका घरापुरता तो उपाय ठीक आहे, नाल्याला मात्र उंबरठा घालता येत नाही. यंदाच्या पावसाळ्यापासून पाणी भरले की मी भिंतीवर रेघ ओढणार आहे आणि तिच्याजवळ तारीख व भरतीची वेळही लिहिणार आहे.