जाळ्याच्या आत : टॅग फ्रेमवर, अधिकार पोर्टचा

एकाच स्विचचे दोन-तीन व्हीलॅन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी आभासी जाळी, कसे होतात ते गेल्या आठवड्यात पाहिलं. तिथे टॅगची गरजच नव्हती. फ्रेम कोणत्या पोर्टमधून आत आली, एवढ्यावरून तिचा व्हीलॅन ठरत होता. दुसरा स्विच जोडला की हा मार्ग बंद होतो. दोन्हीकडे लेखा विभागाचा व्हीलॅन 10 आणि प्रयोगशाळेचा 20 असेल आणि मधली केबल एकच असेल, तर पलीकडच्या स्विचला सगळ्या फ्रेम एकाच पोर्टमधून येताना दिसणार. प्रत्येक व्हीलॅनला स्वतंत्र केबल टाकता येते, पण 20 व्हीलॅन असले तर 24 पोर्टच्या स्विचवर संगणकांसाठी चारच पोर्ट उरतील. मग पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यावरून व्हीलॅन का ओळखू नये? कारण एकच मॅक पत्ता अनेक व्हीलॅनमध्ये दिसू शकतो. राउटरचा एकच इंटरफेस 10 आणि 20 या दोन्हींशी बोलतो, तेव्हा बहुधा हेच घडतं. तेव्हा ओळख फ्रेमबरोबरच पाठवावी लागते.

ती कशी पाठवायची, यावर दोन मतं होती. सिस्कोच्या आयएसएल पद्धतीत अख्खी फ्रेम गुंडाळली जाई : पुढे 26 बाइट, मागे 4. आयट्रिपलईच्या 1998 च्या 802.1क्यू मानकाने फ्रेम उघडून पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर फक्त 4 बाइटांचा टॅग घुसवला. पहिले दोन बाइट षोडशमान पद्धतीत 8100, म्हणजे ‘पुढे टॅग आहे’ ही खूण. उरलेल्या 16 बिटांपैकी 3 प्राधान्याचे, आज गर्दीत फ्रेम आधी टाकून द्यायला हरकत नाही हे सांगणारा 1, आणि 12 व्हीलॅनच्या क्रमांकाचे. 4096 पैकी पहिला आणि शेवटचा आकडा राखीव, म्हणून वापरायला 4094. फ्रेमची कमाल लांबी 1518 वरून 1522 वर गेली आणि शेवटची तपासणी-बेरीज नव्याने करावी लागते. काटकसरीपेक्षा मला जागेची निवड जास्त शहाणपणाची वाटते : दोन्ही पत्ते होते तिथेच राहिले.

आता खरा आक्षेप. टॅग म्हणजे नुसता आकडा, त्यावर ना सही ना शिक्का, मग कोणीही खोटा लावील. लावता येतो, हे खरंच आहे. पण सदस्यत्व टॅग देत नाही, पोर्ट देतो. ॲक्सेस पोर्टवर, म्हणजे संगणक जोडलेल्या पोर्टवर, फ्रेम आली की स्विच तिला त्या पोर्टचा व्हीलॅन देतो आणि बाहेर जाताना टॅग काढून टाकतो. संगणकाला याचा पत्ताही नसतो. टॅगवर विश्वास ठेवायचा तो फक्त ट्रंकवर, म्हणजे दोन स्विचमधल्या सामाईक केबलवर. फट राहते ती नेटिव्ह व्हीलॅनमध्ये, कारण त्याच्या फ्रेम ट्रंकवरून टॅगविना जातात. नेटिव्ह व्हीलॅनमधल्या एखाद्याने दोन टॅग लावले, बाहेरचा नेटिव्हचा आणि आतला 20 चा, आणि स्विचने ॲक्सेस पोर्टवर टॅग असलेली फ्रेम स्वीकारली, तर पहिला स्विच बाहेरचा टॅग उतरवतो आणि दुसऱ्याला फक्त 20 दिसतो. उत्तर त्या वाटेने परत येत नाही, तरी घुसखोरी झालेली असते. उपाय पोर्टवरच आहे : नेटिव्हसाठी असा व्हीलॅन ठेवावा की जो कोणत्याच ॲक्सेस पोर्टला दिलेला नाही, किंवा नेटिव्हच्या फ्रेमनाही टॅग सक्तीचा करावा. आणि ट्रंकच्या दोन टोकांना नेटिव्ह व्हीलॅन वेगवेगळे ठेवले गेले, तर घुसखोराचीही गरज नाही. इकडून 10 ची फ्रेम टॅगविना निघते आणि तिकडे 20 मध्ये उतरते.