लहान मिलिंग यंत्राचे संगणक-नियंत्रण : अल्प खर्चातील रूपांतराचा विचार

धातू कापणारे यंत्र अंकांच्या आज्ञेने चालविण्याची कल्पना आता सत्तर वर्षांहून जुनी झाली आहे. १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा घेऊन तिन्ही अक्षांवर चालणारे मिलिंग यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखविले. या उपक्रमाची मूळ प्रेरणा मिशिगन राज्यातील जॉन पार्सन्स यांची होती. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक घडविण्याच्या प्रश्नातून त्यांना ती सुचली, आणि अमेरिकन वायुदलाने तिला द्रव्यसाहाय्य दिले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या प्रयोगातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्रयोगशाळेने नवे यंत्र घडविले नव्हते. सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रो-टेल या मिलिंग यंत्रातच फेरफार केले होते. म्हणजे या क्षेत्राचा आरंभच मुळी रूपांतराने झाला आहे.

त्या यंत्राच्या नियंत्रकात शेकडो निर्वात नलिका होत्या. आज तेच काम तळहाताएवढ्या पट्टीवरील एक चिप करते. साहजिकच हौशी कारागीर, तंत्रनिकेतनांच्या कर्मशाळा आणि एकदोन यंत्रांवर चालणारे लहान कारखानदार यांना वाटू लागते की, आपल्या टेबलावरील लहान मिलिंग यंत्रही थोड्या खर्चात असेच चालविता येईल. ही इच्छा अवाजवी नाही. तथापि मर्यादित रक्कम कोणत्या क्रमाने खर्च करावी, यावर तिचे यशापयश अवलंबून असते. बहुतेकांचे लक्ष प्रथम मोटर व संगणक यांच्याकडे जाते. वास्तविक पहिला खर्च यंत्राच्या स्क्रूवर व सरकपृष्ठांवर, दुसरा मोटर व विद्युत्पुरवठा यांवर आणि अखेरचा संगणकावर असा क्रम हवा. तो असाच का असावा, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

१. यंत्राची रचना

उदाहरणादाखल शांघाय येथील सीग कंपनीचे एक्स-२ हे यंत्र घेऊ. निरनिराळ्या देशांत ते निरनिराळ्या नावांनी विकले जाते आणि रूपांतरासाठी वारंवार निवडले जाते. यात जॉब बांधण्याचे टेबल दोन आडव्या दिशांनी सरकते, तर कटर धरणारे शीर्ष उभ्या खांबावर खालीवर होते. टेबल सरकविण्यासाठी स्क्रू व नट असतात; हँडल फिरविले की स्क्रू फिरतो आणि नट टेबलास पुढे अथवा मागे नेतो. शीर्ष मात्र दंतपट्टी व दंतचक्र यांच्या योगाने हलते. सरकणारे भाग डोव्हटेल आकाराच्या खाचेत बसविलेले असून त्यांच्यातील फट गिब नावाच्या पट्टीने कमी-अधिक करता येते.

२. हाताला कळते ते संगणकास कळत नाही

नटाचे आटे आणि स्क्रूचे आटे यांच्यात थोडी फट असावीच लागते, नाहीतर स्क्रू फिरणार नाही. या फटीमुळे हँडलची दिशा उलटविली असता प्रथम काही अंश हँडल नुसतेच फिरते व टेबल जागचे हलत नाही. कारखान्यात यास बॅकलॅश म्हणतात. लहान व स्वस्त यंत्रांत तो ०.१ ते ०.३ मि.मी. असणे नवलाचे नाही.

हाताने काम करणाऱ्या कारागिरास याची अडचण फारशी जाणवत नाही. तो टेबल इच्छित रेषेच्या थोडे पलीकडे नेतो व पुन्हा नेहमीच्याच दिशेने रेषेवर आणतो. हँडल सैल आहे की घट्ट, हे त्याच्या बोटांना कळते. स्टेपर मोटरला यातले काहीच कळत नाही. सामान्य स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पायऱ्या घेते, म्हणजे प्रत्येक पायरीस १.८ अंश फिरते. संगणक तिला विद्युत्स्पंद पाठवितो आणि प्रत्येक स्पंदाबरोबर टेबल तेवढे सरकले असे गृहीत धरतो. ते खरोखर सरकले की नाही, हे सांगणारी उलट वार्ता अशा साध्या व्यवस्थेत त्याच्याकडे पोचत नाही.

परिणाम वर्तुळ कापताना उघड दिसतो. वर्तुळाच्या चार बिंदूंवर कोणत्यातरी एका अक्षाची दिशा उलटते. त्या प्रत्येक ठिकाणी तो अक्ष बॅकलॅश भरून निघेपर्यंत स्तब्ध राहतो, आणि वर्तुळावर चार लहान पायऱ्या उमटतात. याहून गंभीर गोष्ट अशी की, कटर ज्या दिशेने धातू ओढतो त्याच दिशेने टेबल सरकत असेल, तर कटर टेबलास बॅकलॅशइतके अचानक आपल्याकडे खेचतो. अशा वेळी कटर मोडतो किंवा जॉब वाया जातो.

यावर काही संगणकप्रणालींत उपाय सुचविलेला असतो. दिशा उलटताच ठरावीक जादा स्पंद पाठवून फट भरून काढावयाची, असा तो उपाय. छिद्रे पाडण्याच्या कामी तो उपयोगी पडतो. परंतु फट त्यामुळे नाहीशी होत नाही. कटरने ओढलेल्या टेबलास जादा स्पंद धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून यांत्रिक दोषास यांत्रिक उपायच शोधावा लागतो.

३. खर्चापूर्वीचे मोजमाप

काहीही विकत घेण्यापूर्वी ०.०१ मि.मी. दाखविणारा डायल गेज चुंबकी आधारावर बसवून यंत्राची परीक्षा करावी. टेबल एका दिशेने थोडे सरकवून गेज शून्यावर आणावा, मग हँडल उलट फिरवून काटा हलू लागेपर्यंत हँडलवरील किती रेघा गेल्या ते पाहावे. हाच त्या अक्षाचा बॅकलॅश. यानंतर गेजचे टोक स्क्रूच्या टोकावर टेकवून टेबल हाताने मागेपुढे ढकलावे. या वेळी स्क्रू स्वतःच लांबीच्या दिशेने हलत असेल, तर दोष केवळ नटात नसून स्क्रूच्या बेअरिंगमध्येही आहे. तो दूर न करता नट बदलल्यास खर्च होऊनही दोष शिल्लक राहील.

गिब पट्टीही याच वेळी तपासावी. ती सैल असेल तर टेबल तिरपे होते, फार घट्ट असेल तर मोटर अडखळते. टेबलाच्या दोन्ही टोकांस व मध्यभागी ते सारख्याच जोराने सरकते की नाही, हे पाहून पट्टी जुळवावी. या सर्व कामास एका संध्याकाळीइतका वेळ लागतो आणि खर्च जवळजवळ होत नाही.

४. स्क्रूची निवड व थोडे गणित

मूळ स्क्रू ठेवून दोन नट परस्परांविरुद्ध दाबून बसविणे, हा स्वस्त उपाय होय. त्याने बॅकलॅश बराच कमी होतो, पण घर्षण वाढते व नट झिजत जाऊन पुन्हा जुळवावा लागतो. दुसरा उपाय बॉल स्क्रूचा. यात स्क्रू व नट यांच्यामधून पोलादी गोळ्या गडगडत जातात. त्यामुळे घर्षण फार कमी होते आणि फटही अत्यल्प राहते. १६ मि.मी. व्यासाचा व एका फेऱ्यात ५ मि.मी. सरकविणारा बॉल स्क्रू अशा यंत्रास सामान्यतः पुरेसा असतो. सी-७ या प्रतीच्या स्क्रूमध्ये ३०० मि.मी. लांबीत ०.०५ मि.मी. पर्यंत चूक मान्य धरलेली असते. त्याच्या टोकास कोनीय स्पर्शाच्या बेअरिंगची जोडी परस्परांविरुद्ध दाबून बसविणे आवश्यक आहे.

आता गणित पाहू. मोटरची प्रत्येक पायरी ड्रायव्हरने १० सूक्ष्म भागांत विभागली, तर एका फेऱ्यास २,००० स्पंद लागतात. फेऱ्यात टेबल ५ मि.मी. सरकते, म्हणून १ मि.मी. साठी ४०० स्पंद, आणि एका स्पंदाने ०.००२५ मि.मी. सरकणे होते. हा आकडा मोठा मोहक आहे. पण त्याच यंत्रात ०.२ मि.मी. बॅकलॅश असेल, तर दिशा उलटताना ८० स्पंद काहीही न हलविता खर्ची पडतील. कागदावरील सूक्ष्मता आणि प्रत्यक्ष अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत, त्या अशा.

जोराचाही हिशेब करता येतो. मोटरचा पीळ, २π आणि स्क्रूची कार्यक्षमता यांचा गुणाकार करून त्यास एका फेऱ्यातील सरकण्याने भागले की टेबलावरील जोर मिळतो. पीळ १ न्यूटन-मीटर, कार्यक्षमता ०.९ व सरकणे ०.००५ मीटर धरल्यास जोर सुमारे १,१३० न्यूटन येतो. लहान कटरच्या कामास तो पुरेसा आहे. म्हणजे अकारण मोठी मोटर घेण्यात पैसा गुंतविण्याचे प्रयोजन नाही.

५. मोटर, ड्रायव्हर व विद्युत्पुरवठा

स्टेपर मोटरवर छापलेला पीळ ती स्थिर असतानाचा असतो. वेग वाढेल तसा तो उतरत जातो. कारण मोटरच्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह वाढण्यास वेळ लागतो आणि वेग अधिक झाल्यावर तेवढा अवकाश मिळत नाही. अधिक व्होल्टेज दिल्यास प्रवाह लवकर वाढतो. वेटोळ्याची प्रवर्तकता मिलिहेन्रीत घेऊन तिच्या वर्गमुळास ३२ ने गुणावे, तो आकडा व्होल्टेजची वरची मर्यादा समजावा, असा एक व्यवहारी नियम आहे. १.६ मिलिहेन्रीच्या मोटरसाठी तो सुमारे ४० व्होल्ट येतो. तेथे ३६ व्होल्टचा पुरवठा योग्य ठरेल. ड्रायव्हरची क्षमता पुरवठ्याहून पुरेशी जास्त असावी, कारण मोटर थांबताना ती स्वतःच काही वीज परत ढकलते.

उभ्या अक्षाविषयी विशेष सावधगिरी हवी. एक्स-२ मधील दंतपट्टीचा बॅकलॅश संगणकी कामास चालत नाही, म्हणून तेथेही बॉल स्क्रू बसवितात. परंतु घर्षण कमी असल्याने बॉल स्क्रू वजनाखाली आपोआप फिरू शकतो. वीज जाताच मोटरची पकड सुटते आणि जड शीर्ष खाली येऊन जॉबवर अथवा कारागिराच्या हातावर आदळू शकते. प्रतिभार किंवा वायुदाबाची स्प्रिंग लावून शीर्षाचे वजन तोलावे. ज्या भागात वीज वारंवार खंडित होते, तेथे या खर्चात काटकसर करणे धोक्याचे आहे.

६. संगणक व प्रणाली

या बाबीत मात्र काटकसरीस भरपूर वाव आहे. यंत्रास द्यावयाच्या आज्ञा जी-कोड या लिपीत लिहितात. ती लिपी वाचून स्पंद निर्माण करणाऱ्या प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. लिनक्स-सीएनसी या प्रणालीचा उगम अमेरिकेच्या शासकीय मानक संस्थेच्या एका प्रकल्पात झाला. ती जुन्या मेजावरील संगणकावरही चालते आणि बॅकलॅशची भरपाई करण्याची सोय तीत आहे. २००९ साली सुरू झालेली जीआरबीएल ही प्रणाली आर्डुइनोसारख्या लहान पट्टीवर चालते व सेकंदास सुमारे ३०,००० स्पंद देते. वरील उदाहरणात टेबल मिनिटास ३,००० मि.मी. वेगाने न्यावयाचे असेल, तर सेकंदास २०,००० स्पंद लागतात. म्हणजे ही लहान पट्टीही अपुरी पडत नाही.

७. सुरक्षितता व कामाचा क्रम

संकटकाळी दाबावयाचे लाल बटन मोटरांचा व स्पिंडलचा वीजपुरवठा थेट तोडणारे असावे. ते केवळ संगणकास सूचना देणारे नसावे. कारण बिघाड संगणकातच असेल तर ती सूचना ऐकणारे कोणी नसते. प्रत्येक अक्षाच्या टोकास मर्यादा-स्विच बसवावेत. वीज गेल्यानंतर टेबलाचे स्थान संगणकास ठाऊक राहत नाही. ते पुन्हा निश्चित करण्यासही हेच स्विच उपयोगी पडतात. ड्रायव्हर बंद पेटीत ठेवावेत, अन्यथा धातूचा चुरा आत जाऊन ते जळतात. यंत्राचा सांगाडा व पेटी यांस अर्थिंग द्यावे.

मोटर बसविण्याच्या पट्ट्या व बेअरिंगची घरे यंत्र हाताने चालत असतानाच, त्याच यंत्रावर कापून तयार ठेवावीत. यंत्र सुटे केल्यावर ती करावयास दुसऱ्याचे यंत्र शोधावे लागते. नंतर एकेक अक्ष बदलावा, डायल गेजने तपासावा, आणि मगच पुढचा हाती घ्यावा.

शेवटी एका गोष्टीचा विचार आरंभीच झाला पाहिजे. बॉल स्क्रू बसविलेले टेबल हँडलने चालविणे पूर्वीइतके सुखाचे राहत नाही, कारण घर्षणाने ते जागी धरले जात नाही. याचा अर्थ असा की, अर्धवट रूपांतर केलेले यंत्र हाताच्याही कामाचे राहत नाही आणि संगणकाच्याही नाही. ज्या कर्मशाळेत एकच मिलिंग यंत्र आहे आणि विद्यार्थ्यांचे शिक्षण त्यावर चालते, तेथे ही हानी लहान नव्हे. हाती असलेल्या रकमेत तिन्ही अक्षांचे यांत्रिक काम पूर्ण होत नसेल, तर मोटर व संगणकाची खरेदी पुढे ढकलावी, गिब व बेअरिंग सुधारून घ्यावेत आणि यंत्र हातानेच चालवीत राहावे. तेवढ्यानेही त्या यंत्राचे काम पूर्वीपेक्षा चांगले होईल, आणि पुढे केव्हा रूपांतर करावयाचे झाल्यास त्यातील एकही पैसा वाया गेलेला नसेल.