जाड तेल म्हणजे चांगलं तेल?

पावसाळा सरला की डिझेलवर चालणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांच्या मालकांना सर्व्हिसिंगची आठवण होते. कुणाचा कोकणात उतरायचा बेत असतो, कुणाचा थेट लडाखचा. गॅरेजमध्ये बोनेट उघडताच ठरलेला सल्ला मिळतो, ‘साहेब, डोंगरात जाताय ना? मग जाड ऑइल टाका, इंजिन टिकेल.’ वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या इंजिनांसाठी हा सल्ला बऱ्यापैकी ठीक होता. आजच्या बीएस-६ गाडीला मात्र तो महागात पडू शकतो आणि तिच्या मागे उभे राहून श्वास घेणाऱ्यालाही.

आकडे काय सांगतात?

डब्यावरील ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० हे आकडे तेलाचा दाटपणा सांगतात, दर्जा नव्हे. डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत सहज वाहते. थंड इंजिन फिरवण्याची चाचणी १५डब्ल्यू तेलासाठी उणे २० अंश सेल्सिअसला, तर ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना घेतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत हा फरक फारसा जाणवत नाही. स्पितीत किंवा लेहला रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी पहाटे सुरू करताना मात्र तो कळतो. तेल टर्बोपर्यंत पोहोचायला जितका उशीर, तितकी झीज जास्त. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचाच.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा दाखवतो. तो १०० अंशांना मोजतात. पण लो रेंजमध्ये दगडधोंड्यांचा चढ चढताना गाडी रांगत असते, रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही आणि इंजिनावर भार मात्र मोठा असतो. अशा वेळी बेअरिंगमध्ये दाबले जाणारे तेल किती तग धरते, हे पाहण्यासाठी १५० अंशांची वेगळी चाचणी आहे. युरोपीय वाहन उत्पादकांच्या ‘एसीईए’ या संघटनेच्या सी२ वर्गातील तेलासाठी या चाचणीत किमान २.९, तर सी३ साठी किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद दाटपणा लागतो. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलेले असू शकते, तरीही आतले तेल सारखे नसते. म्हणून डब्याच्या मागची बारीक अक्षरे वाचायची.

खरी मेख राखेत

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांमागे ५० वरून १० भागांवर आली आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, सर्रास बसू लागली. ही गाळणी आरोग्यासाठी महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला.

गाळणीत साठलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जाळून टाकता येते. राख मात्र जळत नाही. ही राख मुख्यतः इंजिन ऑइलमधील कॅल्शियम, जस्त अशा धातूंच्या रसायनांतून येते, कारण थोडे तेल इंजिनात नेहमीच जळत असते. सी३ तेलात राखेचे प्रमाण कमाल ०.८ टक्के, तर अमेरिकी एपीआय वर्गवारीतील सीके-४ मध्ये कमाल १ टक्का असते. सीआय-४ या जुन्या वर्गाला अशी मर्यादाच नव्हती. ते तेल बीएस-६ गाडीत सतत वापरले, तर गाळणी वेळेआधी राखेने भरते. नवी बसवायचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. मग काही जण गाळणीच काढून टाकतात. ते बेकायदा आहे आणि तो धूर अखेर आपल्याच मुलांच्या फुप्फुसांत जातो.

डिपस्टिकवर तेल वाढले तर?

काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते. त्यातले थोडे तेलात उतरते. गाडी केवळ शहरात, थोड्या थोड्या अंतरावर फिरवली, तर जाळण्याची क्रिया अर्धवट राहते आणि डिपस्टिकवरची पातळी चढत जाते. ‘तेल कमी झाले नाही, उलट वाढले’ ही आनंदाची बातमी नव्हे. तेल पातळ झाले आहे, ते बदलायला हवे. नदीनाला ओलांडल्यानंतर तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे. अशी गाडी सुरू करू नये. तेल काळे पडण्याची भीती मात्र नको. काजळी धरून ठेवणे हे डिझेल ऑइलचे कामच आहे.

निवड कशी करावी?

गाडीचे मॅन्युअल उघडा. त्यातील दाटपणाचा आकडा आणि दर्जाचे अक्षर, दोन्ही जुळले पाहिजेत. गाळणी नसलेल्या जुन्या गाडीत मॅन्युअलप्रमाणे १५डब्ल्यू-४० सीआय-४ खुशाल चालते. धूळ, घाट, ओढून नेलेला ट्रेलर यांसाठी अनेक मॅन्युअलमध्ये तेल लवकर बदलण्याचा वेगळा तक्ता असतो, तो पाळा. ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलचे तेल वेगळे असते, तेही तपासून घ्या. तेल सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी मोजा.

आणि काढलेले तेल? ते घातक कचऱ्यात मोडते. त्यात कर्करोगकारक घटक असतात, म्हणून हातमोजे घाला. ते गटारात किंवा बांधावर ओतू नका, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये पोहोचवा. पुढच्या वेळी कुणी ‘जाड ऑइल टाका’ म्हणाले, तर एवढेच विचारा, ‘दादा, डब्यामागचा दर्जा कोणता?’